पायथॉनचं डेस्कटॉप ॲप एक्झी करून देताय? मग या चुका टाळा

पायथॉनमध्ये खिडकी उघडणारा प्रोग्रॅम लिहिणं आता अवघड राहिलेलं नाही. खिडक्या आणि बटणं बनवणारं टीकिंटर पायथॉनसोबतच येतं, एका फाइलमध्ये डेटाबेस ठेवणारं एसक्यूलाइटही येतं, आणि चार संध्याकाळी बसलं की दुकानाचं बिलिंग किंवा सोसायटीच्या देखभाल खर्चाची वही तयार होते. अडतं ते पुढे. ज्या कॉम्प्युटरवर पायथॉन नाही आणि ज्याच्या मालकाला कमांड प्रॉम्प्ट माहीत नाही, तिथे तो प्रोग्रॅम चालवायचा असतो. मदत मागणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच येतात: "माझ्याकडे चालतंय, त्यांच्याकडे चालत नाही." आणि कारणंही बहुतेक वेळा तीच निघतात. इथे मुख्यतः विंडोज, टीकिंटर आणि पायथॉनच्या प्रोग्रॅमची एक्झी (डबल क्लिकने चालणारी फाइल) बांधणारं पायइन्स्टॉलर धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडे बहुतेक मंडळी याच वाटेने जातात. खिडक्यांसाठी टीकिंटरऐवजी क्यूटी ही लायब्ररी वापरणाऱ्यांसाठीही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू आहे.

डेटा प्रोग्रॅमच्या पोटात ठेवणं

ही चूक पहिल्या नंबरावर, कारण बाकीच्या चुकांनी प्रोग्रॅम बंद पडतो, हिच्यामुळे माणसाची नोंद जाते.

पायइन्स्टॉलरला वनफाइल सांगितलं की एकच एक्झी मिळते. ती एक फाइल म्हणजे प्रत्यक्षात गाठोडं असतं. डबल क्लिक केलं की आधी बूटलोडर, म्हणजे पायइन्स्टॉलरने जोडलेला छोटा प्रोग्रॅम, सुरू होतो, विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये अंडरस्कोर आणि 'मेई' (_MEI) अशा अक्षरांनी सुरू होणारा एक नवा फोल्डर बनवतो, पायथॉन आणि सगळ्या लायब्ररी तिथे उलगडतो आणि मग तुमचा कोड चालवतो. प्रोग्रॅम नीट बंद झाला की तो फोल्डर पुसून टाकतो. पुढच्या वेळी नवा फोल्डर, नवं नाव.

आता नवशिका काय करतो? डेटाबेसचा पत्ता तो दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या 'फाइल' या चलावरून काढतो, म्हणजे 'माझी स्क्रिप्ट जिथे आहे तिथेच'. स्क्रिप्ट म्हणून चालवताना हे बरोबर असतं. एक्झीमध्ये मात्र 'स्क्रिप्ट जिथे आहे' ती जागा म्हणजे तोच तात्पुरता फोल्डर.

एका खत-बियाणांच्या दुकानात हे कसं घडलं ते बघा. बिलिंगचा प्रोग्रॅम ओळखीच्या मुलाने करून दिला. पहिल्या दिवशी चाळीसेक बिलं झाली, संध्याकाळी प्रोग्रॅम बंद केला, सकाळी उघडला तर यादी कोरी. दुकानदाराचा फोन गेला, "अरे, कालची बिलं कुठं गेली?" मुलाला वाटलं, कमिट (नोंद डेटाबेसमध्ये पक्की करणं) राहिलं असेल. त्याने प्रत्येक नोंदीनंतर कमिट घातलं आणि नवी एक्झी पाठवली. त्यानंतर तीन दिवस सगळं व्यवस्थित! दोघांचीही खात्री पटली की दोष गेला. खरं तर त्या तीन दिवसांत दुकानदार रात्री प्रोग्रॅम बंद न करता लॅपटॉप नुसता मिटून ठेवत होता. म्हणजे तो तात्पुरता फोल्डर जिवंत होता, आणि नोंदी त्यातच होत्या. चौथ्या दिवशी वीज गेली, खराब बॅटरीचा लॅपटॉप झटक्यात बंद पडला, आणि परत सुरू केल्यावर यादी पुन्हा कोरी.

पण याच वीज जाण्याने त्या तीन दिवसांच्या नोंदी वाचवल्या. बूटलोडरला आवराआवर करायला वेळच मिळाला नव्हता. टेम्पमध्ये 'मेई'चा फोल्डर तसाच पडून होता आणि त्यात डेटाबेसची फाइल शाबूत होती. ती उचलून घेता आली. पहिल्या दिवशीची बिलं मात्र गेली ती गेलीच, कारण त्या संध्याकाळी प्रोग्रॅम शिस्तीत बंद केला होता आणि फोल्डर शिस्तीत पुसला गेला होता. ती बिलं कार्बन कॉपीवरून पुन्हा भरावी लागली.

कोणाच्या डोक्यावर असं संकट आलं असेल तर आधी दुसरं काहीही करू नका. डिस्क क्लीनअप चालवू नका, स्टोरेज सेन्स चालू असेल तर बंद करा, आणि रन खिडकीत टक्केवारीच्या चिन्हांमध्ये टेम्प लिहून तो फोल्डर उघडा. टास्क मॅनेजरमधून बंद केलेल्या किंवा वीज जाऊन पडलेल्या प्रत्येक वेळचा एकेक फोल्डर तिथे सापडू शकतो. तारखेनुसार लावा आणि डेटाबेस शोधा. सापडला की मूळ जागी हात न लावता कॉपी घ्या, आणि त्याच नावाच्या शेवटी 'वाल' किंवा 'जर्नल' लागलेली फाइल शेजारी दिसली तर तीही सोबत घ्या. शेवटच्या नोंदी त्यात असू शकतात.

हे मुळातच होऊ नये म्हणून दोन पत्ते मनात आणि कोडमध्ये कायम वेगळे ठेवायचे.

पहिला पत्ता प्रोग्रॅमसोबत आलेल्या गोष्टींचा: लोगो, आयकॉन, कोऱ्या बिलाचा नमुना. हा फक्त वाचायचा. इथे 'फाइल' चल वापरायला हरकत नाही. पायइन्स्टॉलरने बांधलेल्या ॲपमध्ये ते योग्य जागा दाखवतं, फक्त ॲड-डेटा (सोबतच्या फाइली बांधून घेण्याचा पर्याय) देताना फोल्डरची रचना स्क्रिप्टच्या शेजारी होती तशीच ठेवा. दुसरा पत्ता वापरणाऱ्याच्या डेटाचा: डेटाबेस, सेटिंग, लॉग. हा विंडोजवर लोकल ॲपडेटामध्ये, स्वतःच्या ॲपच्या नावाचा फोल्डर बनवून. प्लॅटफॉर्मडिर्स नावाचं छोटं मॉड्यूल तिन्ही प्रणालींवर योग्य फोल्डर शोधून देतं. तो फोल्डर अजून नसला तर तयार करण्याचं काम तुमचं, आणि वरचे फोल्डरही बनवण्याचा पर्याय त्यात चालू ठेवा.

या दोन पत्त्यांची दोन फंक्शन्स एका वेगळ्या फाइलमध्ये लिहा, आणि बाकीच्या कोडमध्ये कुठेही फाइलचा पत्ता हाताने जोडू नका. प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी, पहिलं बटण बनवण्याआधी हे करावं. दहा मिनिटांचं काम आहे. "नंतर बघू" म्हणणारे ते कधीच बघत नाहीत.

डेटा एक्झीच्या शेजारी ठेवण्याची पळवाट बरेच जण सुचवतात. सिस मॉड्यूलमधल्या एक्झिक्यूटेबलवरून फोल्डर काढायचा आणि तिथे लिहायचं. पेन ड्राइव्हवरच्या ॲपला हे चालतं. पण तेच ॲप प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसलं की साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नसते आणि परमिशन एरर येते. मग सल्ला दिला जातो, "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा." हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. बिल करण्यासाठी रोज ॲडमिन हक्क मागणारा प्रोग्रॅम हा चुकीचा लिहिलेला प्रोग्रॅम आहे. त्यात तोट्याची बाजू अशी की वेगळ्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड टाकून तो चालवला, तर लोकल ॲपडेटाही त्या दुसऱ्या खात्याचा उघडतो आणि नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात.

नुसतं फाइलचं नाव देऊन, पत्ता न देता उघडणं हाही याच चुकीचा भाऊ. तेव्हा पायथॉन चालू फोल्डर बघतं. डबल क्लिकने तो एक्झीचा फोल्डर असतो, शॉर्टकटवरून उघडलं तर 'स्टार्ट इन' मध्ये लिहिलेला, आणि टास्क शेड्यूलरने चालवलं तर बहुधा सिस्टिम३२. एकच प्रोग्रॅम, तीन डेटाबेस.

खिडकी गोठवणं

टीकिंटर असो की क्यूटी, खिडकी एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, चालते. तोच थ्रेड माउसचे क्लिक घेतो, तोच खिडकी पुन्हा रंगवतो, आणि बटणाला जोडलेलं तुमचं फंक्शनही तोच चालवतो. त्या फंक्शनमध्ये पाच हजार ओळींची एक्सेल वाचायला घेतली की तेवढा वेळ बाकी सगळं थांबतं. विंडोज साधारण ५ सेकंद वाट बघतं आणि मग शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून खिडकी पांढरट करतं. कोड आत बिनबोभाट चालू असतो, पण वापरणारा माणूस टास्क मॅनेजरमधून तो मारतो, आणि अर्धी आयात झालेला डेटा मागे राहतो.

यावर सगळ्यात जास्त पसरलेला शॉर्टकट म्हणजे लूपमध्ये मधेमधे टीकिंटरचं अपडेट बोलावणं. खिडकी हलते, प्रोग्रेस बार सरकतो, आणि माणूस खूश. पण अपडेट म्हणजे साठलेले सगळे क्लिकही आत्ताच चालवणं. वापरणाऱ्याने घाईत 'सेव्ह' दोनदा दाबलेलं असतं. पहिलं सेव्ह अजून अर्ध्यावर असताना त्याच्या पोटात दुसरं सुरू होतं आणि बिल दोनदा चढतं. मधेच खिडकी बंद केली तर नष्ट झालेल्या विजेटवर (बटण, लेबल यांसारख्या घटकावर) लिहायला गेल्याची टीसीएल एरर. हा दोष हातात सापडत नाही, कारण बनवणारा स्वतः एकदाच क्लिक करतो आणि वाट बघतो.

मी यासाठी ठरलेली रचना वापरते, आणि ती बदलायची गरज कधी पडलेली नाही. जड काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाकायचं. त्या थ्रेडने एकाही विजेटला हात लावायचा नाही, फक्त एका क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, निरोप टाकायचे: 'इतक्या ओळी झाल्या', 'संपलं', 'ही चूक आली'. मुख्य थ्रेडमध्ये आफ्टर (ठरावीक वेळाने फंक्शन चालवण्याची सोय) वापरून दर १०० मिलिसेकंदांनी ती क्यू रिकामी करायची आणि त्याप्रमाणे पट्टी सरकवायची. काम सुरू होताच बटण निष्क्रिय करायचं आणि 'संपलं' किंवा 'चूक' यांपैकी काहीही आलं तरी परत चालू करायचं. चुकीच्या निरोपावर बटण चालू करायला हमखास विसरतात, आणि मग पहिल्या एररनंतर ॲप बंद करून उघडण्यावाचून इलाज राहत नाही.

"मी थ्रेडमधूनच लेबल बदलतो, मला तर काही होत नाही," असं म्हणणारे भेटतात. होत नाही ते नशीब. टीकिंटर अनेकदा दुसऱ्या थ्रेडची मागणी मुख्य थ्रेडकडे ढकलून वेळ निभावून नेतं. पण मुख्य लूप सुरू होण्याआधी किंवा बंद होताना ती मागणी आली की 'मेन थ्रेड इज नॉट इन मेन लूप' म्हणून कोसळतं. क्यूटी तर एवढीही गय करत नाही. तिथे सिग्नल-स्लॉट, म्हणजे थ्रेडमधून निरोप पाठवण्याची क्यूटीची सोय, हीच वाट.

थ्रेडमध्ये एसक्यूलाइट लागत असेल तर जोडणी त्याच थ्रेडमध्ये नवी उघडा. एका थ्रेडमध्ये उघडलेली दुसऱ्यात वापरली की पायथॉन मूळ सेटिंगमध्ये सरळ एरर देतं. ती तपासणी बंद करण्याचा पर्याय आहे म्हणून तो वापरू नका.

काळी खिडकी आधी लपवणं, मग दोष शोधणं

पहिल्याच बिल्डला, म्हणजे एक्झी बांधतानाच, कन्सोल लपवणारा विंडोड पर्याय देतात, कारण ती काळी कन्सोल खिडकी 'प्रोफेशनल' दिसत नाही. आणि मग "एक्झीवर क्लिक केलं, काहीच होत नाही" असा प्रश्न येतो. एरर सांगायची जागाच तुम्ही काढून टाकलेली असते.

आधी कन्सोलसकट बिल्ड करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यातून एक्झी चालवा, म्हणजे प्रोग्रॅम पडला तरी मजकूर डोळ्यांसमोर राहील. सगळी बटणं दाबून झाली की मगच कन्सोल काढा. काढल्यावर दोन गोष्टी बदलतात. सिसमधलं एसटीडीआउट आणि एसटीडीएरर (छापलेला मजकूर आणि एरर जाण्याच्या जागा) हे दोन्ही 'नन', म्हणजे रिकामे, होतात. साधं प्रिंट गप्प राहतं, पण जी लायब्ररी थेट त्यावर राइट बोलावते ती 'ननटाइपला राइट नाही' म्हणत पडते. टर्मिनलवर प्रगती दाखवणाऱ्या लायब्ररी यात नेहमी सापडतात. दुसरं, टीकिंटर बटणाच्या फंक्शनमधली एरर एसटीडीएररवर छापतं, आणि ते नसल्यामुळे एरर हवेत विरते. वापरणाऱ्याला एवढंच दिसतं की बटण दाबलं आणि काही झालं नाही.

म्हणून रूट खिडकीचं 'रिपोर्ट कॉलबॅक एक्सेप्शन' स्वतःच्या फंक्शनने बदला. त्यात पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठे आली त्याचा माग) लॉग फाइलमध्ये लिहा आणि वापरणाऱ्याला एक साधी मराठी सूचना दाखवा. न पकडलेल्या एरर जिथे पोचतात ते सिसचा एक्सेप्टहुक आणि थ्रेडिंगचा एक्सेप्टहुकही त्याच फंक्शनकडे वळवा. लॉगला रोटेटिंग हँडलर (फाइल भरली की नवी सुरू करणारा) लावा, १ एमबीच्या तीन फाइली पुष्कळ होतात. फोनवर "काय एरर आली?" विचारून कोणालाच नीट सांगता येत नाही, लॉग फाइल व्हॉट्सॲपवर मागवता येते.

वनफाइलचा हट्ट

एकच फाइल दिसायला छान, पण तिची किंमत प्रत्येक वेळी मोजावी लागते. दर वेळी सगळं उलगडायचं, आणि उलगडलेली प्रत्येक डीएलएल (लायब्ररीची फाइल) अँटीव्हायरस नव्याने तपासणार. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर माणूस दोनदा-तीनदा क्लिक करून मोकळा होतो आणि तीन प्रती उघडतात. शिवाय पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर जगभर सगळे वापरतात, त्यात व्हायरस लिहिणारेही आले. त्यामुळे त्या बूटलोडरची ठेवण अँटीव्हायरसच्या डोळ्यात आधीच खुपत असते. त्यावर यूपीएक्सने फाइल दाबून लहान केली की संशय आणखी वाढतो. यूपीएक्स बंदच ठेवा. क्यूटीच्या काही डीएलएल त्याने मोडतातही.

"अँटीव्हायरस बंद करा आणि चालवा" असं गिऱ्हाइकाला सांगणं गैर आहे. तुमच्या एका प्रोग्रॅमसाठी त्याचं सगळं मशीन उघडं टाकायचा तुम्हाला हक्क नाही. वनडिर (एका फाइलऐवजी पूर्ण फोल्डर देणारा पर्याय) वापरा, बूटलोडर शक्य तर स्वतः कंपाइल करा, चुकीने पकडलेली फाइल मायक्रोसॉफ्टकडे तपासणीसाठी पाठवा, आणि ॲप विकत देत असाल तर कोड सायनिंगचं, म्हणजे प्रोग्रॅमवर डिजिटल सही करण्याचं, सर्टिफिकेट घ्या. १ जून २०२३ पासून अशा सर्टिफिकेटची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित उपकरणात ठेवणं बंधनकारक झालं आहे, तेव्हा टोकन पोस्टाने यायला लागणारा वेळ हिशेबात धरा. सही करताना टाइमस्टॅम्प (सहीच्या वेळेची नोंद) विसरू नका, नाहीतर सर्टिफिकेटची मुदत संपली की जुन्या सह्याही अमान्य होतात.

वनडिरचा फोल्डर झिप करून पाठवणं मात्र टाळा. पायइन्स्टॉलर ६ पासून एक्झीच्या शेजारी 'इंटर्नल' नावाचा फोल्डर असतो आणि सगळा जीव त्यात असतो. माणूस झिप न उलगडता आतूनच एक्झी चालवतो, किंवा नुसती एक्झी ओढून डेस्कटॉपवर आणतो, आणि 'फेल्ड टू लोड पायथॉन डीएलएल' येतं. इन्नो सेटअपने इन्स्टॉलर बनवा, तासाभरात जमतो.

त्यात तीन गोष्टी पहिल्यापासून नीट करा. ॲपआयडी (ॲपची ओळख सांगणारा क्रमांक) एकदाच तयार करा आणि प्रत्येक आवृत्तीत तोच ठेवा. बदलला तर एकच ॲप यादीत दोनदा दिसतं. परवानगीची पातळी 'लोएस्ट' ठेवली तर ॲडमिन पासवर्डशिवाय त्या युजरपुरतं बसतं. आणि नवी आवृत्ती बसवण्याआधी जुना 'इंटर्नल' फोल्डर पुसण्याची ओळ घाला. नाहीतर जुन्या आणि नव्या लायब्ररींची सरमिसळ होऊन असे दोष निघतात जे फक्त अपडेट केलेल्या मशीनवर दिसतात. डेटा प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवला असेल, तर हीच ओळ तोही पुसू शकते.

थोडक्यात निपटण्यासारख्या

बटणाच्या कमांडमध्ये फंक्शनच्या नावापुढे कंस देणं: फंक्शन खिडकी उघडतानाच चालतं आणि बटण मुकं राहतं. कंस काढा.

एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड (विजेट मांडण्याच्या दोन पद्धती): नाही म्हणजे नाही. वेगवेगळ्या फ्रेममध्ये खुशाल वापरा.

फंक्शनच्या आत बनवलेली फोटोइमेज: फंक्शन संपलं की पायथॉन ती उचलून टाकतं आणि लेबल कोरं दिसतं. चित्र लेबलवरच गुण (ॲट्रिब्यूट) म्हणून अडकवून ठेवा.

स्वतःच्या फाइलला टीकिंटर, क्यू किंवा कॅलेंडर असं नाव देणं: पायथॉन मूळ मॉड्यूलऐवजी तुमची फाइल उचलतं.

मल्टिप्रोसेसिंग (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारं मॉड्यूल) वापरून फ्रीझ सपोर्ट न बोलावणं: एक्झी स्वतःलाच पुन्हा पुन्हा उघडत राहते, स्क्रीनभर खिडक्या. मुख्य भागाची पहिली ओळ तीच असली पाहिजे.

पासवर्ड किंवा एपीआय की कोडमध्ये ठेवून "एक्झी केलीय, आता कोणाला दिसतंय" म्हणणं: आतलं बाइटकोड काही मिनिटांत बाहेर काढता येतं. पायइन्स्टॉलरमध्ये पूर्वी असलेली एन्क्रिप्शनची किल्लीही ६ व्या आवृत्तीत काढून टाकली, कारण तिने खरं संरक्षण मिळत नव्हतं.

ॲनाकोंडाच्या (अनेक लायब्ररींसकट येणाऱ्या पायथॉनच्या) मुख्य वातावरणातून बिल्ड करणं: नको असलेल्या लायब्ररी ओढल्या जाऊन साध्या वहीची एक्झी शेकडो एमबीची होते. प्रत्येक ॲपला कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यातच पायइन्स्टॉलर बसवा आणि 'पायथॉन -एम' लावून चालवा. मॉड्यूलच्या नावात पी आणि आय कॅपिटल लागतात. पायसाइड६ (पायथॉनमधून क्यूटी वापरण्याचं पॅकेज) वापरत असाल तर पूर्ण पॅकेजऐवजी इसेन्शियल्स बसवा, वेबइंजिनसारखे जड भाग टळतात.

स्पेक फाइल (बिल्डच्या सूचना असलेली पायइन्स्टॉलरची फाइल) हाताने सुधारून नंतर पुन्हा स्क्रिप्टचं नाव देऊन बिल्ड करणं: तुमच्या सुधारणांवर नवी स्पेक लिहिली जाते. एकदा स्पेकला हात लावला की पुढे स्पेकच द्या.

'मॉड्यूल नॉट फाउंड' फक्त एक्झीत येणं: ते मॉड्यूल कोडमध्ये थेट नावाने आयात झालेलं नसतं, म्हणून पायइन्स्टॉलरला दिसत नाही. हिडन इम्पोर्टमध्ये नाव द्या. टीकेकॅलेंडरसोबत बेबलच्या 'नंबर्स'साठी हे नेहमी करावं लागतं. कस्टमटीकिंटरच्या थीमच्या जेसन फाइली राहिल्या असतील तर कलेक्ट-डेटा. बिल्ड फोल्डरमध्ये 'वॉर्न'ने सुरू होणारी एक टेक्स्ट फाइल असते, त्यात न सापडलेल्या मॉड्यूलची यादी मिळते. तिच्यातली बरीच नावं निरुपद्रवी असतात, पण ती फाइल न उघडताच प्रश्न विचारायला येऊ नका.

मराठी मजकूर गृहीत धरणं

इंग्रजी उदाहरणं बघून शिकल्यामुळे हा भाग सगळ्यांचाच सुटतो. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) सांगितलं नाही तर पायथॉन विंडोजचं स्थानिक कोडपेज वापरतं, आणि पहिलं मराठी नाव लिहिताच 'चारमॅप' कोडेकची एरर येते. पायथॉन ३.१५ मध्ये यूटीएफ-८ हेच मूळ करण्याचा निर्णय पेप ६८६ या प्रस्तावाने झालेला आहे, पण तुमचं ॲप जुन्या आवृत्तीवर बांधलं असेल तर त्याचा उपयोग नाही. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहा. एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही असेल तर 'यूटीएफ-८-सिग', नाहीतर नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात.

आकड्यांकडे नीट लक्ष द्या. मराठी कीबोर्ड चालू ठेवून कोणी '१२५' लिहिलं तर पायथॉनचं इंट ते बिनतक्रार १२५ मानतं, त्यामुळे रक्कम बरोबर जाते. फोन नंबर मात्र तुम्ही मजकूर म्हणून साठवता. तो देवनागरी अंकांत साठला की इंग्रजी अंकांत शोधल्यावर सापडत नाही, आणि तोच ग्राहक दुसऱ्यांदा नोंदवला जातो. साठवण्याआधी सगळे अंक एकाच लिपीत आणा.

तसंच 'गोऱ्हे' किंवा 'दऱ्या'. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर लावून. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, डेटाबेसला मात्र वेगळे. युनिकोडचं एनएफसी (अक्षरं एका ठरलेल्या रूपात आणण्याची पद्धत) यातला जॉइनरचा फरक मिटवत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. आडनावावर शोध असलेल्या प्रत्येक ॲपमध्ये हे हवं.

फॉन्ट निर्मला यूआय ठेवा. तो विंडोज ८ पासून सोबत येतो, मंगल आता विंडोज १० वर वेगळा बसवावा लागू शकतो. ॲप लिनक्सवरही द्यायचं असेल तर टीकिंटर सोडा. लिनक्सवर टीके ८.६ (टीकिंटरच्या मागचं टूलकिट) जोडाक्षरं नीट जुळवत नाही, वेलांटी चुकीच्या जागी जाते. क्यूटी जोडाक्षरं जुळवणारी हार्फबझ लायब्ररी वापरतं, तिथे हा त्रास नाही. चित्रांवर काम करणारी ओपनसीव्ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की विंडोजवर फोल्डरचं नाव मराठीत असलं की तिचं चित्र वाचणारं इमरीड एरर न देता 'नन' परत करतं.

आपल्याच मशीनवर तपासणं

पायइन्स्टॉलर क्रॉस कंपायलर नाही. विंडोजची एक्झी विंडोजवरच बांधायची, ३२ बिटची ३२ बिट पायथॉननेच. गिऱ्हाइकाकडे अजून विंडोज ७ असेल तर पायथॉन ३.८ ही शेवटची चालणारी आवृत्ती, पुढची वापरली की 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' डीएलएल नाही म्हणून रडतं. पायसाइड६ तिथे चालणारच नाही. त्याला विंडोज १० आणि ६४ बिट लागतं. लिनक्सवर उलट काळजी: ज्यांवर चालवायचं त्यांतल्या सर्वांत जुन्या वितरणावर बांधा. उबुंटू २४.०४ वर बांधलेलं २०.०४ वर उघडायला गेलं की जीएलआयबीसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची नवी आवृत्ती मागतं आणि थांबतं.

तपासायचं मशीन असं हवं जिथे पायथॉन कधी बसलेलंच नाही. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स त्यात आहे, फीचर्समध्ये जाऊन चालू करायचा. होम आवृत्तीत तो नाही, तिथे व्हर्च्युअलबॉक्स. सँडबॉक्स बंद केला की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून पुढचं सगळं एकाच बैठकीत करा. मागच्या आवृत्तीचा इन्स्टॉलर चालवा. दोन नोंदी मराठीत भरा, एका नावात ऱ्ह येऊ द्या. प्रोग्रॅम नीट बंद करून उघडा, नोंदी बघा. मग टास्क मॅनेजरमधून मारून उघडा, परत बघा. शॉर्टकटवरून उघडा, थेट फोल्डरमधून उघडा. स्क्रीनचं स्केलिंग १५० टक्के करून अक्षरं धुरकट होतात का बघा. होत असतील तर टीकेची रूट खिडकी बनवण्याआधी विंडोजला डीपीआयची (स्क्रीनच्या स्केलिंगची) जाणीव असल्याचं सांगणारी ओळ राहिली आहे. शेवटी नव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर त्याच्यावरच चालवा आणि त्याच दोन नोंदी दिसतात का ते पाहा. दिसल्या तरच फाइल पाठवा.